रस्त्यात जमीन जाते आहे? हरकत आणि भरपाईचे अर्ज कुठे अडतात ते आधी पाहा

फोंड्याहून पणजीला रोज कामाला जाणाऱ्याला भोम-बाणस्तारीचा रस्ता रुंद का व्हायला हवा हे समजावावे लागत नाही. ज्याच्या घराची पडवी त्याच रस्त्याला टेकलेली आहे, त्याला तो का नको हेही समजावावे लागत नाही. पूर्वीचा ४-अ, आताचा राष्ट्रीय महामार्ग ७४८, भोममधून न्यायचा की गावाबाहेरून बगलरस्ता काढायचा, यावर वर्षानुवर्षे सभा, मोर्चे, निवेदने चालू आहेत. मडगावच्या पश्चिम बगलमार्गाचे बाणावलीत तसेच झाले: मातीचा भराव की खांबांवरचा रस्ता. यात कोण बरोबर हे इथे ठरवायचे नाही. सांगायचे आहे ते एवढेच की मोर्चात सर्वांत पुढे घोषणा देणाऱ्याची स्वतःची हरकत बऱ्याचदा दप्तरी नसते, आणि फाइलमध्ये तो गप्प बसलेला माणूस ठरतो.

आधी कायदा कोणता ते बघा

पत्रादेवी ते पोळे हा ६६ आणि पणजी-फोंडा-अनमोड हा ७४८, हे राष्ट्रीय महामार्ग. त्यांच्यासाठी जमीन घेतात ती राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ खाली. रस्ता राज्याचा किंवा जिल्ह्याचा असेल तर २०१३ चा भूसंपादन कायदा लागतो. पहिल्यात हरकतीला २१ दिवस मिळतात, दुसऱ्यात ६०. लोक फसतात ते इथेच. शेजारच्या गावात राज्य रस्त्यासाठी कोणी पन्नासाव्या दिवशी हरकत दिली आणि ती घेतली गेली, म्हणून आपणही निवांत राहायचे, आणि मग खिडकीवर ‘मुदत गेली’ ऐकायचे. भरीला महामार्ग कायद्यातही एक ६० दिवसांची नोटीस आहे, पण ती ताबा सोडण्याची, कलम ३-ई खालची. ती हातात पडली तर हरकतीची वेळ केव्हाच उलटून गेलेली असते.

२१ दिवस मोजायचे ते महामार्ग कायद्यातल्या कलम ३-ए ची अधिसूचना, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा, केंद्राच्या राजपत्रात प्रसिद्ध झाल्या दिवसापासून. घरी नोटीस आल्यापासून नाही, पंचायतीच्या फलकावर कागद लागल्यापासून नाही. तिचा सारांश दोन वर्तमानपत्रांत येतो, त्यातले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. पण ती जाहिरात राजपत्रानंतर येते, आणि तोवर मोजणी सुरू झालेली असू शकते. जाहिरात फार उशिरा आली असेल तर ते कात्रण हरकतीला जोडा आणि अर्जात तसे लिहा. मुदत संपली असे कोणी तोंडी सांगितले म्हणून घरी परतू नका. अर्ज द्या, नाकारायचा तर त्यांना लेखी नाकारू द्या.

कुंपणाच्या गडग्यावर लाल रंगाची खूण दिसली की लोक समजतात, आता सुरुवात होणार. कायद्यात क्रम उलटा आहे: ३-ए निघाल्यावर जमिनीत शिरून मोजमाप करण्याचा अधिकार मिळतो. खूण नुसत्या प्राथमिक पाहणीचीही असू शकते, पण तो भरवसा ठेवू नये. त्याच दिवशी ईगॅझेटच्या, म्हणजे केंद्राच्या राजपत्राच्या, संकेतस्थळावर आपले गाव आणि सर्वे नंबर शोधा. राज्याच्या रस्त्यासाठी गोवा सरकारचे राजपत्र बघावे लागते. यादीत नाव शोधू नका, सर्वे नंबर शोधा. आजोबांचे नाव असले तर नजर त्यावरून घसरते, आणि ‘४५/३ (भाग)’ असे लिहिलेले असते ते तुमचेच असते.

हरकत कोणी द्यायची, कुणाला, आणि काय लिहून

‘जमिनीत हितसंबंध असलेली’ कोणीही व्यक्ती हरकत देऊ शकते. मालक आला, सहमालक आला, कूळ आले, मुंडकारही (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) आला. त्या रस्त्याने रोज ये-जा करणारा, किंवा पुराचे पाणी आपल्याकडे वळेल अशी भीती असलेला पलीकडच्या वाड्यावरचा माणूस यात बसेलच असे नाही. त्याने ग्रामसभेत ठराव आणावा, खात्याला लिहावे. ते वजन वेगळे.

ग्रामसभेचा ठराव हवाच. पण तो तुमच्या हरकतीची जागा घेत नाही. शेकडो सह्यांचे निवेदन मुख्यमंत्र्यांना दिले, आमदाराला दिले, बांधकाम खात्याच्या अभियंत्याला दिले, छायाचित्र छापून आले. यातले काहीही कलम ३-सी खालची हरकत नव्हे. हरकत जाते सक्षम प्राधिकाऱ्याकडे. हे पद बहुधा भूसंपादनाचे काम पाहणाऱ्या उपजिल्हाधिकाऱ्याकडे असते आणि अधिसूचनेत त्याचा उल्लेख असतो. प्रत्येक घराने आपला वेगळा अर्ज द्यावा, त्यात गाव, तालुका, सर्वे नंबर, उपविभाग आणि जाणारे क्षेत्र लिहावे. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ‘साहेब नाहीत, ठेवून जा’ हे वाक्य ऐकायला येईल. साहेब नसले तरी आवक-जावक विभाग असतो.

आणि भरपाई कमी मिळेल ही हरकत या टप्प्यावर देऊ नका. ३-सी खाली प्रश्न एकच: जमीन या कामासाठी वापरावी की नाही. दराचे भांडण नंतर येते. इथे लिहायचे ते नेमके: समोरच्या बाजूला मोकळी जागा असताना रेषा घरावरून का, खाजन जमिनीचे (खाडीकाठच्या बांधाआडच्या शेतीचे) पाणी ज्या मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, उतरते ती भरावाखाली जाते का, कुळागराला (पोफळीच्या बागेला) जायची एकमेव वाट तुटते का. सोबत सर्वेचा नकाशा जोडून त्यावर पेनाने खूण करा. ‘आमच्या भावना दुखावल्या’ याला अधिकारी एका ओळीत उत्तर देतो. मानशीवर त्याला निदान दोन परिच्छेद लिहावे लागतात.

सुनावणीची तारीख आदल्या दिवशी कळणे नवलाचे नाही. जा, किंवा वकील पाठवा, दोन्ही चालते. बोलून झाले की हजेरीवर सही करा आणि आदेशाची प्रत मागा. हा आदेश अंतिम असतो. पुढे जायचे तर पर्वरीला, उच्च न्यायालयात.

रेंगाळलेल्या रस्त्यांबाबत एक गोष्ट हमखास विसरली जाते. ३-ए नंतर वर्षभरात ३-डी ची, म्हणजे प्रत्यक्ष संपादनाची, घोषणा झाली नाही तर ती अधिसूचना रद्दबातल होते (न्यायालयाच्या स्थगितीचा काळ यात धरत नाहीत). मग सरकार नवी काढू शकते. नवी निघाली की जुनी हरकत तिच्याबरोबर येत नाही, पुन्हा द्यावी लागते. ‘आम्ही मागेच दिली होती’ म्हणत बसलेली घरे याच कारणाने यादीत उरत नाहीत. ३-डी झाली की जमीन केंद्राच्या मालकीची, मग उरतो तो पैशाचा प्रश्न.

जो कागद कोणाकडेच नसतो

आधार, पॅन, बँकेचे पासबुक, बोजा नसल्याचा दाखला, सर्वे नकाशा: ही धावपळ आहे, अडचण नाही. अडचण आहे ती एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा) तुमचे नाव असण्याची.

सर्वे झाला सत्तरच्या दशकात. तेव्हा लिहिलेली नावे पुष्कळ उताऱ्यांवर अजून तशीच आहेत. पणजोबा, नाहीतर भाटकार (जमीनदार), नाहीतर कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था). वर रोमन लिपीतली पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगे. उताऱ्यावरचा ‘नाईक’ एका तऱ्हेने लिहिलेला, आधारवरचा दुसऱ्या. खिडकीवरचा कारकून दोन्ही कागद शेजारी ठेवतो, एकेका अक्षरावर बोट फिरवतो आणि सगळा गठ्ठा परत सरकवतो. अशा वेळी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि जन्मनोंद आधीच जोडलेली बरी. पोर्तुगीज काळातले ‘इन्स्क्रिसांव’ (मालकीची नोंदणी) आणि ‘मात्रिस’चे (करनोंदवहीचे) दाखले ट्रंकेत असतील तर फारच चांगले, पण त्यांचे अधिकृत भाषांतर लागते, आणि ते करून देणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. हे काम शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका.

वारसांचे तर विचारूच नका. घरात बसलेले दोन भाऊ सही करतात आणि अर्ज परत येतो, कारण गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच, आणि लग्न सामाईक मालमत्तेच्या पद्धतीत झालेले असेल तर तिच्या नवऱ्याचाही त्यात हक्क असतो. म्हणजे बेळगावला दिलेली बहीण हवी, तिचे यजमान हवेत, वहिनीही हव्यात. वारस कोण एवढे ठरवायला विशेष नोटरीपुढचा वारसदारीचा दस्त पुरतो. वाटणी करायची तर इन्व्हेंटरी, म्हणजे न्यायालयातली वाटणीची प्रक्रिया, आणि ती वर्षे खाते. वाद नसेल तर सर्वांच्या सहीचे संमतिपत्र घेऊन दस्तावर काम भागते का, ते आधी त्याच कार्यालयात विचारा, आणि उत्तर शक्यतो लेखी घ्या. वाटपावर भांडण दिसले की अधिकारी रक्कम दिवाणी न्यायालयात भरून हात झटकतो. त्याला तसे करता येते. मग घराचे पैसे असूनही भाड्याच्या खोलीत राहायची पाळी येते.

मुंडकारांना खास सांगणे. उताऱ्यावर भाटकाराचे नाव असेल आणि मामलेदारांच्या मुंडकार नोंदवहीत तुमचे नसेल, तर तुम्ही अर्ज केला नाही की सगळी रक्कम भाटकाराच्या खात्यावर जाऊ शकते. नोंदीचा अर्ज आज करा, आणि तो निकाली निघायची वाट न पाहता भूसंपादन कार्यालयातही दावा दाखल करा. सोबत जुनी घरपट्टीची पावती, वीजबिल, मतदारयादीतले नाव, शिधापत्रिका, जे असेल ते. कुळांचेही तेच: १९६४ च्या कूळ कायद्यात १९७६ साली झालेल्या दुरुस्तीने कूळ मालक मानले गेले खरे, पण तशी सनद (मालकीचा दाखला) नसेल तर ‘मानले गेले’ हे शब्द खिडकीवर चालत नाहीत.

देवस्थानच्या जागेसाठी हरकत आणि दावा समितीच्या ठरावासह द्या. एका महाजनाने (देवस्थानच्या हक्कदार सदस्याने) आपल्या नावाने दिलेला अर्ज बाजूला पडतो.

दर आणि मोजणी

२०१५ पासून महामार्गाच्या जमिनीलाही २०१३ च्या कायद्याप्रमाणेच भरपाई मिळते. बाजारभाव, त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. बाजारभाव काढताना मुद्रांकासाठीचा सरकारी दर आणि जवळपासच्या तशाच जमिनींच्या मागच्या तीन वर्षांतल्या विक्रीखतांची सरासरी यांत जे जास्त ते धरतात, आणि ती सरासरीही सगळ्या खतांची नाही, वरच्या किमतीच्या निम्म्या खतांची. म्हणून आपल्या गावातली चढ्या किमतीची खते उपनिबंधकांकडून शोधून, प्रमाणित प्रत काढून दाव्याला जोडा. अधिकारी आपण होऊन ती शोधत बसेल ही आशा नको. (मुद्रांक वाचवायला गावात सगळ्यांनी खतात किंमत कमी लिहिली असेल, तर ती वाचवलेली रक्कम इथे व्याजासकट वळती होते.)

संयुक्त मोजणीच्या दिवशी घरी थांबा. घर, विहीर, गडगा, माड, पोफळी, आंबा, फणस यांची वेगळी नोंद व्हायला हवी. पोफळीवर चढवलेल्या मिरीच्या वेली यादीत राहून जातात. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका, रिकाम्या रकान्यांवर तर मुळीच नको. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

रक्कम पटली नाही तरी ती ‘हक्क राखून’ असे लिहून स्वीकारता येते. महामार्गाच्या बाबतीत पुढची दाद केंद्राने नेमलेल्या लवादाकडे, आणि त्याने रक्कम वाढवली तर वाढीव भागावर ९ टक्के व्याज. २०१३ च्या कायद्याखालच्या निवाड्यात (भरपाई ठरवणाऱ्या आदेशात) मात्र घड्याळ कडक आहे: निवाडा देताना हजर असाल तर वाढीव रकमेसाठी संदर्भ अर्ज सहा आठवड्यांत द्यावा लागतो.

पैसे मिळाले, रस्ता झाला, की लोक फाइल बंद करतात. उरलेल्या तुकड्याचा उतारा मात्र जुन्याच क्षेत्राचा राहतो. पुढे घरदुरुस्तीचा परवाना घ्यायचा असो, बँकेचे कर्ज असो की विक्री, तिथे ही चूक उघडी पडते. संपादन झालेले क्षेत्र वजा करून नवा उपविभाग पाडण्याची नोंद मामलेदारांकडे आणि भूमापन खात्याकडे ताबडतोब मागा, आणि नवा एक-चौदा व नकाशा हातात येईपर्यंत निवाड्याची मूळ प्रत कोणाला देऊ नका.