ईडिपस राजा : पात्रे आणि संज्ञा

सॉफोक्लीस (इ. स. पू. सु. ४९६–४०६) या अथेन्सच्या नाटककाराची शोकात्मिका. पु. ल. देशपांडे यांनी ती ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणली. शोकात्मिकेची चिकित्सा करताना ॲरिस्टॉटल वारंवार याच नाटकाकडे वळतो. त्यामुळे त्याच्या संज्ञा इथल्या पात्रांवरच पारखाव्यात.

ईडिपस राज्य करतो त्या थीब्ज शहरात साथ पसरली आहे. आधीचा राजा लेयस याच्या खुन्याला शासन होईपर्यंत ती हटणार नाही, असा डेल्फीच्या देवळातला कौल क्रेऑन आणतो. हा जोकास्टाचा भाऊ; ती लेयसची विधवा, आता ईडिपसची राणी. ईडिपस खुन्याला शाप देतो. तो स्वतःलाच लागणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते, त्याला नाही. हा नाट्यात्म उपरोध. आंधळा द्रष्टा टायरेसियस ‘तो खुनी तूच’ म्हणतो, तर राजा त्याच्यावरच कटाचा आळ घेतो.

मग कॉरिंथचा निरोप्या येतो. ईडिपस ज्याला बाप समजतो तो पॉलिबस वारला. तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील, असे भाकीत ईडिपसला पूर्वी झालेले; त्यातले पितृहत्येचे टळले म्हणायचे. आईशी लग्नाची धास्ती उरते, तीही घालवायला निरोप्या सांगतो : तू त्यांचा मुलगाच नव्हेस, घोटे टोचलेले ते मूल मला एका मेंढपाळाने दिले. (ईडिपस म्हणजे ‘सुजलेल्या पायाचा’.) दिलासा द्यायला आलेल्यानेच घात केला, हा विपर्यय. जोकास्टाला सगळे उमगते. शोध थांबव म्हणून ती विनवते आणि आत निघून जाते. राजाला अभिज्ञान, म्हणजे खरी ओळख, होते ते मेंढपाळाच्या जबानीनंतर : तो लेयस आणि जोकास्टाचाच मुलगा, बापाचा खुनी आणि आईचा नवरा. शाकुंतलातले अभिज्ञान माणसे जोडते, हे घर मोडते.

नायकाच्या पतनाचे कारण ॲरिस्टॉटल ‘हामार्तिया’ असे सांगतो. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे. परीक्षेच्या टिपणांत त्याचा सर्रास ‘स्वभावदोष’ होतो. राजा तापट आहे खरा, पण तो फसतो अज्ञानामुळे. म्हणून ‘प्रमाद’ हा शब्द अधिक जवळचा.

राणीचा गळफास आणि तिच्याच वस्त्राच्या सोन्याच्या काट्यांनी राजाने फोडलेले डोळे रंगमंचावर दिसत नाहीत. सेवक येऊन सांगतो. त्यातून जागणाऱ्या भय-करुणेच्या निचऱ्याला विरेचन म्हणतात, शब्द वैद्यकातलाच. सगळी बोलती पात्रे तीन नट मुखवटे बदलून करीत, थीब्जच्या वृद्धांचा गायकवृंद वेगळा. अँटिगनी व इस्मीनी या मुलींना एकही वाक्य नाही.

अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत मात्र पहिले बक्षीस या नाटकाला नव्हे, तर आधीच्या पिढीतला शोकात्मिकाकार एस्किलस याचा भाचा फिलोक्लीस याला गेले, असे प्राचीन टीपाकार सांगतात.