हेवी पार्ट घेण्याआधी एकदा वाचा : ऑफरोड गाड्या आणि ट्रकवाल्या ग्राहकांसाठी

हा कागद आम्ही प्रत्येक पार्टसोबत देतो, बॉक्सबरोबर फेकून देऊ नका एवढीच विनंती. काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "परत तेच तुटलं, आता सगळ्यात हेवी असेल ते द्या". हेवी माल आमच्याकडे आहे आणि आम्ही तो विकतोच, पण नुसतं हेवी टाकून प्रश्न सुटला असं फार कमी वेळा होतं. पार्ट तुटतो कारण कुठेतरी काहीतरी ढिलं असतं, नाहीतर कोरडं पडलेलं असतं, नाहीतर आत धूळपाणी गेलेलं असतं, नाहीतर लोड झेपण्यापेक्षा जास्त असतो, आणि ते कारण तसंच राहिलं तर नवीन पार्टपण तिथेच जाणार, फक्त थोडा उशिरा. म्हणून आधी कारण शोधा, मग पार्ट घ्या, आमचा एखादा पार्ट कमी विकला गेला तरी चालेल.

तुटलेला तुकडा भंगारात टाकू नका

समजा मागचा ॲक्सल शाफ्ट तुटलाय. तुटलेलं तोंड डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने हलकं पुसून घ्या, वायर ब्रश मारू नका आणि दोन तुकडे एकमेकाला जोडून बघायचा मोह आवरा, कारण दोन्हीने खुणा पुसल्या जातात. मग उन्हात तिरकं धरून बघा. एका कडेपासून सुरू होऊन आत पसरत गेलेल्या बारीक गुळगुळीत रेषा दिसतात का, लाट ओसरल्यावर वाळूवर राहतात तशा, आणि उरलेला भाग खरखरीत दाणेदार आहे का? असं असेल तर तो शाफ्ट आज तुटलेलाच नाही. चीर कधीचीच पडली होती, प्रत्येक फेरीला थोडी थोडी वाढत गेली आणि शेवटी उरलेल्या धातूला भार पेलला नाही. याला फटीग म्हणतात, आणि हे काही नवीन नाही, १८४२ मध्ये पॅरिसजवळ रेल्वे इंजिनाचा ॲक्सल असाच तुटून मोठा अपघात झाला होता आणि त्यानंतर हा विषय लोकांनी गांभीर्याने घ्यायला सुरुवात केली.

आता त्या रेषा जिथून सुरू होतात ती जागा शोधा. तिथे बहुतेक वेळा गंजाचा छोटा खड्डा सापडतो, नाहीतर वेल्डिंगचा उडालेला थेंब, हातोड्याचा घाव किंवा मशिनिंगची खोल रेघ. गुळगुळीत भागावर गंज चढलेला असेल तर चीर बरीच जुनी होती. खरखरीत भाग अगदी छोटा असेल तर तुटताना लोड फार नव्हता, शाफ्ट आधीच पोखरला गेला होता. अशा केसमध्ये महागडा शाफ्ट घ्यायची घाई नको, त्या जागी गंज का धरला ते बघा, सील गळतंय का बघा.

याच्या उलट, स्प्लाइनचे, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या खाचांचे, सरळ दाते तिरके पिळले गेले असतील तर शाफ्टला झेपण्यापेक्षा जास्त पीळ बसलाय, बऱ्याचदा एकाच झटक्यात. एक चाक हवेत गरगर फिरत असतं, ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर सोडलेला नसतो, चाक खाली येऊन दगडाला पकड घेतं आणि त्या क्षणी सगळी ताकद शाफ्टवर येते. इथे भक्कम शाफ्टचा उपयोग होतो, पण पायाची सवय बदलली तर त्याहून जास्त होतो.

पाट्यांचंही (लीफ स्प्रिंगचंही) तसंच. पाटा बरोबर मधे, सेंटर बोल्टच्या भोकातून तुटला असेल तर पाट्याला दोष द्यायच्या आधी युबोल्ट, म्हणजे पाटे ॲक्सलला आवळून धरणारे U आकाराचे बोल्ट, तपासा. युबोल्ट घट्ट असले की पाट्याचा मधला भाग वाकतच नाही, ढिले झाले की तो वाकायला लागतो आणि भोक ही तिथली सगळ्यात कमजोर जागा. लोक अशा वेळी एक पाटा वाढवून घेतात, युबोल्ट तसेच जुने ठेवतात आणि परत येतात.

निवडताना काय बघायचं

इंजिनची ताकद एकामागून एक पार्टमधून चाकापर्यंत जाते, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, जॉइंट क्रॉस (शाफ्टच्या जोडातला अधिक-चिन्हासारखा तुकडा), क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधले मुख्य गिअर), ॲक्सल शाफ्ट, हब. यातला जो कमजोर तो आधी जाणार. तुम्ही एक भक्कम केला की झटका पुढच्यावर सरकतो. आमचं स्पष्ट मत असं आहे की कमजोर दुवा मुद्दाम अशा जागी राहू द्या जिथला पार्ट स्वस्त आहे, सोबत नेता येतो आणि उघड्या माळावर बदलता येतो. जॉइंट क्रॉस तसा आहे, क्राउन-पिनियन तसा नाही.

टायर मोठे टाकणार असाल तर आधी विचार करा. टायरची त्रिज्या १० टक्के वाढली की तेवढ्याच खेचशक्तीसाठी शाफ्टवरचा पीळ १० टक्के वाढतो आणि ब्रेकलाही तेवढंच जास्त काम पडतं. बाहेर निघालेले रिम किंवा स्पेसर लावले की चाकाचा भार बेअरिंगच्या मधोमध न पडता बाहेरच्या बाजूला पडतो. बेअरिंग यात फार नाजूक असतात. रोलर बेअरिंगवरचा लोड २० टक्के वाढला तर आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतं, दुप्पट झाला तर साधारण दहाव्या हिश्श्यावर. ओव्हरलोडमध्ये एक फेरी वाचली असं वाटतं ते हिशेबाला धरून नाही.

स्टीअरिंग आणि सस्पेन्शनचे पार्ट, म्हणजे टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, स्टब ॲक्सल, फोर्जिंगचेच, म्हणजे तापलेला धातू साच्यात ठोकून घडवलेलेच घ्या, कास्टिंगचे म्हणजे वितळलेला धातू ओतून केलेले नको. हातात घेऊन बघा, फोर्जिंगच्या कडेला साच्याचा जास्तीचा धातू कापल्याची रुंद पट्टी दिसते, कास्टिंगला जोडाची बारीक उभी रेष असते आणि अंग रेतीसारखं खरबरीत लागतं. बुश निवडताना सगळीकडे पॉलीयुरेथेन चांगलं असं समजू नका, ते झिजत उशिरा पण झटके पुढे ढकलतं, आणि जिथे आर्मला दोनतीन दिशांना पिळावं लागतं तिथे चांगलं रबरच बरं.

बोल्टवर थोडं सविस्तर, कारण यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. डोक्यावर ८.८, १०.९, १२.९ असे आकडे असतात. १०.९ मधला १० म्हणजे तुटायची ताकद सुमारे १००० मेगापास्कल आणि .९ म्हणजे त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत ताणला तरी बोल्ट परत मूळ लांबीला येतो, त्यापुढे कायमचा लांबतो. डोक्यावर आकडाच नसेल तर तो बोल्ट सस्पेन्शनला लावू नका. पण ८.८ च्या जागी १२.९ टाकला म्हणजे काम जास्त पक्कं झालं असंही नाही, १२.९ फार कडक असतो आणि त्याच्यावर झिंकचं इलेक्ट्रोप्लेटिंग केलेलं असेल तर हायड्रोजनमुळे आतून ठिसूळ होऊन नुसता आवळलेला असतानाच तडकू शकतो. कंपनीने जो ग्रेड दिलाय तोच ठेवा.

बसवताना होणारे घोटाळे

बोल्टचं खरं काम दोन पार्ट एकमेकांवर दाबून धरायचं, ते इतकं की घर्षणामुळे ते सरकूच नयेत. दाब कमी झाला की पार्ट सरकायला लागतात, बोल्टवर कातरल्यासारखा ताण येतो आणि तो तुटतो, मग आपण म्हणतो बोल्ट हलका होता. दाब कमी का होतो तर बहुतेक वेळा मधे रंग असतो. नवीन ब्रॅकेटला, रिमला जाड रंग मारलेला असतो, त्याच्यावरच नट आवळला जातो, चार दिवसांत रंग दबून निघून जातो आणि नट ढिला. नटाखालची आणि दोन पार्ट भेटतात ती जागा स्वच्छ धातूपर्यंत घासून घ्या. टॉर्क रेंच वापरा, लांब पाइप घालून अंगाच्या जोरावर आवळलेला नट एकतर ढिला असतो नाहीतर बोल्ट ताणून ठेवलेला असतो.

युबोल्ट एकदा काढले की परत लावू नका, ते आवळताना ताणलेले असतात आणि आटे खराब झालेले असतात. नवीन लावल्यावर पहिल्या लोडच्या फेरीनंतर, गाडी लोडवर उभी असतानाच, परत एकदा आवळा. चाकाचे नट ५० ते १०० किलोमीटरमध्ये परत तपासा. नटाखालून बाहेर पडणारी गंजाची लाल रेघ दिसली तर तो नट हलतोय समजा.

पाट्यावर वेल्डिंग कधीच नको, अर्थिंगचा क्लॅम्पसुद्धा पाट्याला लावू नका. ट्रकच्या चॅसीला वरच्या-खालच्या पट्टीत भोकं पाडू नका, सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो.

धूळ आणि पाणी

एअर फिल्टर सारखा काढून आपटायची सवय सोडा. प्रत्येक वेळी उघडलं की थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडते आणि आपटल्याने कागद फाटतो. फिल्टर तुंबला की दाखवणारा इंडिकेटर असेल तर त्याचं ऐका. फिल्टर काढाल तेव्हा इंजिनकडे जाणाऱ्या पाइपच्या आत स्वच्छ बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर बदलून थांबू नका, कुठलातरी क्लॅम्प ढिला आहे किंवा होज चिरलाय आणि इंजिन धूळ खातंय, रिंग आणि लायनर घासले गेले की मग खर्च आवरत नाही.

ओढ्यातून गाडी काढताना ॲक्सलच्या हाऊसिंगमध्ये (बाहेरच्या कवचात) पाणी कसं जातं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. चालून चालून ॲक्सल तापलेला असतो, थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकुंचन पावते आणि बाहेरून काहीतरी ओढून घ्यायला बघते. ब्रीदर, म्हणजे हाऊसिंगची हवा आतबाहेर जायची छोटी वाट, चिखलाने बंद असेल तर ती सीलच्या ओठातून पाणी ओढते. ब्रीदरला नळी जोडून तोंड बोनेटच्या उंचीला नेऊन ठेवा, अगदी साधं काम आहे आणि त्याच्याइतकं फायद्याचं दुसरं काही आम्हाला माहीत नाही. पाण्यातून आल्यावर डिफरन्शियलचं ऑइल बघा, दुधाळ झालं असेल तर पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता बदला.

जॉइंट क्रॉसला ग्रीस मारताना निप्पल आधी पुसा, नाहीतर तोंडावरची रेती तुम्हीच आत ढकलता. चारही कपातून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. तीनमधून आलं आणि चौथ्यातून नाही तर चौथा कोरडा आहे, शाफ्ट थोडा हलवून परत मारा, तरी येत नसेल तर क्रॉस बदला. गाडी उंच केली असेल तर प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे आहेत का तेही तपासून घ्या, नाहीतर थरथर सुरू होते आणि क्रॉस वरचेवर जातात.

बाकीचं थोडक्यात. एअर ब्रेकच्या टाकीतलं पाणी रोज काढा. ब्रेक फ्लुइड पाणी शोषतं, डॉट ४ नवीन असताना किमान २३० अंशांना उकळतं पण ओलावा धरल्यावर १५५ अंशांपर्यंत उतरू शकतं, लांब उताराला हा फरक जिवावर बेततो. रेडिएटरमध्ये साधं पाणी भरत राहू नका, वेट लायनरच्या (सिलिंडरच्या लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं अशा) डिझेल इंजिनात लायनरला बाहेरून खड्डे पडतात. वाळूत टायरची हवा कमी केली असेल तर डांबरी रस्त्याला लागायच्या आधी भरा. लांब फेरीनंतर गाडी थांबली की सगळ्या हबजवळ हात नेऊन बघा, एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथे बेअरिंग नाहीतर ब्रेक चिकटतोय.

पार्ट मागवताना आम्हाला काय पाठवाल

गाडीचं मॉडेल आणि वर्ष तर लागतंच, पण टायरचा साइज, खरा लोड किती भरता ते, रस्ता खाणीचा आहे, शेताचा आहे की वाळूचा, आणि तो पार्ट आधी कधी बदलला होता तेही लिहा. लोड कमी करून सांगू नका, आम्ही त्यावरूनच पार्ट सुचवतो. तुटलेल्या दोन्ही तोंडांचे उजेडात काढलेले जवळचे फोटो पाठवा. आणि एका बाजूचा पार्ट तुटला असेल तर ऑर्डर द्यायच्या आधी दुसऱ्या बाजूचाही काढून, पुसून, कडेकडेने चीर आहे का बघून घ्या, कारण तोही तेवढ्याच फेऱ्या आणि तेवढाच लोड झेललेला असतो.