कोळशाचं वय आणि खापराचं वय

‘लेण्यांचं कार्बन डेटिंग करून टाका, किती जुनी ते लगेच कळेल’ असं पुष्कळदा ऐकू येतं. पण कातळाला ही कसोटी लागूच पडत नाही. ती ज्यावर चालते तो कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, बोलतो तो एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंबद्दल: कोळसा, हाड, धान्य, लाकूड. जीव गेला की नवा कार्बन-14 आत येणं थांबतं आणि असलेला साठा दर 5,730 वर्षांनी निम्मा होत जातो.

कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या जुन्या लाकडी कमानी आजही आहेत. त्यांचं वय काढता येईल, पण ते लाकूड वाढलं तेव्हाचं. कमान बसवली तेव्हाचं नव्हे. थोराड झाडाचा गाभा सालीजवळच्या लाकडापेक्षा शंभर-दोनशे वर्षांनी जुना असू शकतो. म्हणून पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन गावाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, मिळालेले जवाचे जळके दाणे मला कुठल्याही तुळईपेक्षा मोलाचे वाटतात. जव एका हंगामात पिकतो, त्यामुळे हा घोळच राहत नाही.

खापराचं गणित वेगळं. त्यासाठी थर्मोल्युमिनेसन्स ही पद्धत. मातीतल्या क्वार्ट्‌झच्या कणांत सभोवतालच्या किरणोत्सारामुळे ऊर्जा साचत असते. भट्टीत भांडं भाजलं की जुना साठा रिकामा होतो आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. प्रयोगशाळेत कण पुन्हा तापवले की साचलेली ऊर्जा मंद प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. त्यावरून कळते ती शेवटची आच. घर जळालं असेल, तर त्या आगीचीच तारीख हाती येईल!

या मोजणीला दर वर्षी किती ऊर्जा साचत होती हेही लागतं. म्हणून खापराभोवतीची माती सोबत घ्यायलाच हवी आणि नमुना उन्हात उघडा ठेवायचा नाही. उत्साहाने स्वच्छ धुऊन वाळवलेलं खापर चित्र काढायला छान, पण या कामासाठी ते बरंचसं वाया गेलेलं असतं.

तरीही पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतंच. तीन हजार वर्षांत ती दीडशे ते तीनशे वर्षं झाली. इनामगावचा पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे काळ, म्हणजे तिथल्या जोर्वे संस्कृतीचे आधीचा आणि नंतरचा टप्पा, प्रत्येकी तीन-चारशे वर्षांचा. तिथे चांगला कोळसा किंवा धान्य असेल तर मी कार्बन-14 वरच भिस्त ठेवेन. पण ‘प्राचीन’ म्हणून विकायला आलेल्या मृण्मूर्तीला ना उत्खननातला थर असतो, ना सोबत कोळसा. तिथे तिच्यातून काढलेली चिमूटभर भुकटी कालपरवाची भट्टी उघडी पाडते.