कोयता लागतो तो डाव्या हाताला

उसाच्या फडात कोयता लागला, तर जखम बहुधा डाव्या हाताला नाहीतर पायाच्या नडगीला असते. डाव्या हातात ऊस, उजव्या हातात कोयता, अशीच तोड चालते. बुडाकडच्या कांड्यांत साखर जास्त, म्हणून घाव जमिनीलगत घालायचा; तो हुकला की पातं पायाकडे येतं. वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, छाटताना बोटं समोर असतात.

बोथट कोयता कमी धोक्याचा, असं वाटतं. उलट आहे. उसाच्या पानांत आणि सालीत सिलिका असते, बुडाशी माती-खडे असतात. धार लवकर जाते. मग जोर वाढवावा लागतो, आणि जोराने मारलेलं बोथट पातं कांड्यावरून निसटलं की आवरत नाही. कानस फिरवायला थांबावं तर मजुरी टनावर. ब्राझीलमधले ऊसतोड कामगार नडगीवर संरक्षक पट्टा आणि हातात मोजे घालतात. आपल्याकडे बहुतेकांच्या हाताला फडकंसुद्धा नसतं.

बोटाची जखम दिसते त्याहून खोल असू शकते. बोट वाकवणारे मुख्य स्नायू कोपराखाली असतात. तिथून निघालेल्या कंडरा, सायकलच्या ब्रेकच्या तारेसारख्या, बोटापर्यंत जातात आणि तिथे त्या कातडीच्या फार खाली नसतात. कंडरा तुटली की स्नायू तिचं टोक तळहाताकडे ओढून घेतो. वरून टाके घातले तर कातडी जुळते, बोट वाकत नाही. म्हणून रक्त थांबल्यावर प्रत्येक पेर वेगळं वाकतंय का आणि बोटाच्या टोकाला स्पर्श कळतोय का, हे डॉक्टरांनी पाहायलाच हवं. पण दवाखान्यात दिवस गेला की खाडा पडतो, त्याचे पैसे मुकादम कापतो. मग हळद दाबून, चिंधी बांधून दुसऱ्या दिवशी तोड सुरू.

धनुर्वाताच्या जिवाणूंचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात. बैलगाड्यांच्या फडात दोन्हींना तोटा नाही. हळदीने ते मरत नाहीत. जखम वाहत्या पाण्याने धुवावी, स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावी, हात उंच ठेवावा आणि धनुर्वाताची लस घ्यावी.

बोट तुटूनच पडलं, तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावं आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवलं तर पेशी गोठून मरतात. बोटात स्नायू जवळजवळ नसल्याने ते तुटलेल्या हातापेक्षा थंडाव्यात बरेच जास्त तास टिकतं. तालुक्याहून जिल्ह्याच्या शस्त्रक्रियागृहापर्यंत पोचायला तेवढा वेळ पुरू शकतो.