प्रलेखन व वर्तन यांतील विसंगती

सॉफ्टवेअर प्रत्यक्षात जसे चालते आणि ते कसे चालेल असे प्रलेखनात सांगितलेले असते, या दोहोंत तफावत आढळल्यास आज्ञावली दुरुस्त करावी की मजकूर, हा निर्णय. प्रलेखनात माहितीपुस्तिका, फंक्शनांची वर्णने आणि प्रमाणित मानके यांचा समावेश होतो.

हा प्रश्न बहुधा पहिल्या माहितीपुस्तिकांइतकाच जुना असावा. त्याची स्पष्ट मांडणी मात्र संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांच्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या १९७५ मधील ग्रंथात आढळते. यंत्र आणि पुस्तिका यांचा मेळ बसत नाही असे उघड झाले की सहसा पुस्तिकाच हरते, कारण ती बदलणे स्वस्त व झटपट असते, असे ब्रुक्स यांचे निरीक्षण आहे. याला ते एक महत्त्वाचा अपवाद सांगतात. एकाच पुस्तिकेवरून अनेक यंत्रे घडवली गेली असतील, तर पुस्तिकेप्रमाणे बनलेली सगळी यंत्रे बदलण्यापेक्षा चुकलेले एक यंत्र सुधारणे सोपे पडते. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टम/३६० या संगणकमालेत अंतर्रचना वेगवेगळी असूनही सर्व प्रारूपांवर तेच प्रोग्रॅम चालावेत अशी अपेक्षा होती, आणि त्या कामाचा ब्रुक्स यांचा अनुभव या मतामागे आहे. युनिक्स या कार्यप्रणालीच्या नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या पुस्तिकेत तिसरा मार्ग दिसतो: ज्ञात दोष ‘बग्ज’ या मथळ्याखाली तिथेच नोंदवले जात. अशा नोंदीने दोष जात नाही, पण वाचकाची फसवणूक टळते.

सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण सी या प्रोग्रॅमिंग भाषेतील मेमसीपीवाय या, मेमरीतील बाइट एका जागेवरून दुसरीकडे नकलणाऱ्या फंक्शनचे आहे. स्रोत आणि गंतव्य हे मेमरीचे भाग एकमेकांवर येत असतील, तर या फंक्शनचे वर्तन अनिश्चित राहील आणि अशा वेळी मेममूव्ह हे अशी नक्कल सुरक्षितपणे करणारे फंक्शन वापरावे, असे मानकात पूर्वीपासून नमूद आहे. तरीही प्रत्यक्षात बाइट पुढच्या दिशेने नकलले जात असल्याने चुकीचा वापरही बऱ्याचदा निभावत असे. २०१० च्या सुमारास जीलिबसी या, लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या सी फंक्शनांच्या संग्रहात वेगासाठी काही प्रोसेसरांवर उलट्या दिशेने नक्कल सुरू झाली आणि ६४ बिट लिनक्सवर अडोबी फ्लॅश या, ब्राउझरमध्ये चित्रफिती चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा आवाज बिघडला. मजकूर स्पष्ट असल्याने दोष फ्लॅशचाच, असा एक पक्ष होता. चालू असलेला प्रोग्रॅम मोडणे हेच चूक, असे लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्झ यांचे म्हणणे होते. अखेर जीलिबसीच्या २.१४ आवृत्तीत आधीच तयार झालेल्या जुन्या बायनरींसाठी (यंत्रभाषेत रूपांतरित प्रोग्रॅमांसाठी) जुने वर्तन राखून नव्यांना नवे देण्यात आले. मानकाच्या शब्दांवर बोट ठेवून वापरकर्त्याला वाऱ्यावर सोडण्यापेक्षा ही तडजोड अधिक न्याय्य मानावी लागेल.

प्रलेखनाचे मौन आणि प्रलेखनाशी उघड विरोध यांत फरक करणे आवश्यक आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ३.६ आवृत्तीत डिक्शनरीतील (किल्ली व मूल्य अशा जोड्यांच्या संचातील) नोंदींचा क्रम टिकू लागला तेव्हा तो केवळ अंमलबजावणीचा तपशील म्हणून सांगितला होता, ३.७ पासून (२०१८) त्याची हमी भाषेनेच दिली, म्हणजे मजकूर वर्तनामागे गेला. गो भाषेने नेमके उलट केले: मॅप या तशाच संचाच्या क्रमावर कोणी विसंबू नये म्हणून २०१२ मधील पहिल्या आवृत्तीत तो हेतुतः यादृच्छिक केला. वापरकर्ते पुरेसे झाले की दृश्य वर्तनाच्या प्रत्येक अंगावर कोणीतरी विसंबते, हे सॉफ्टवेअर अभियंता हायरम राइट यांचे निरीक्षण दोन्ही निर्णयांना लागू पडते.

मजकुरात सुरक्षिततेची हमी दिलेली असेल आणि आज्ञावली ती पाळत नसेल, तर आज्ञावलीच सुधारावी लागते. तेथे वर्तन किती जुने आहे हा मुद्दा गौण ठरतो.

तफावत लवकर उघड व्हावी म्हणून मजकुरातील उदाहरणे आपोआप चालवून तपासण्याची पद्धत आहे. पायथनमध्ये २००१ पासून मिळणारे डॉकटेस्ट हे साधन त्यासाठीच आहे. त्याने उदाहरणे पडताळली जातात, सभोवतालचे गद्य मात्र माणसालाच वाचून तपासावे लागते.