गव्हर्नर मीचम यांना घालवण्याचे तीन रस्ते

अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. आपल्या राज्यपालाला राष्ट्रपती नेमतात आणि त्यांची मर्जी असेपर्यंतच तो पदावर राहतो. तिकडचा गव्हर्नर लोकांनी थेट निवडून दिलेला, म्हणजे अधिकारांच्या दृष्टीने आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. अविश्वास ठरावाने त्याला पाडता येत नाही आणि राष्ट्राध्यक्षांनाही त्याला हात लावता येत नाही. मग तो कुणाचंच ऐकेनासा झाला तर?

ॲरिझोनाने याची तरतूद राज्य होण्याआधीच करून ठेवली होती. निवडून दिलेल्याला मुदतीआधी परत बोलावण्याचा, म्हणजे 'रिकॉल'चा हक्क राज्यघटनेच्या मसुद्यात होता आणि तो न्यायाधीशांनाही लागू होता. नेमकं हेच न पटल्याने राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी १९११ मध्ये नकाराधिकार वापरला. ॲरिझोनाने न्यायाधीश वगळले, १४ फेब्रुवारी १९१२ रोजी राज्याचा दर्जा पदरात पाडून घेतला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मतदारांनी ते पुन्हा घातले. लग्न ठरेपर्यंत सासऱ्याच्या अटी मान्य, तसला प्रकार!

या हक्काची खरी परीक्षा झाली एव्हन मीचम यांच्या वेळी. मोटारींचे विक्रेते असलेले हे रिपब्लिकन गृहस्थ १९८६ च्या तिरंगी लढतीत सुमारे ४० टक्के मतांवर निवडून आले. जानेवारी १९८७ मध्ये खुर्चीत बसताच त्यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी रद्द केली. आधीच्या गव्हर्नरांना ती जाहीर करण्याचा अधिकारच नव्हता, हा त्यांचा युक्तिवाद कायद्याला धरून होता. पण त्यावर गदारोळ झाला, तेव्हा समजूत घालण्याऐवजी ते आणखी लागेल असंच बोलत राहिले. राज्यावर बहिष्कार पडला, संस्था-संघटनांची अधिवेशनं दुसरीकडे गेली.

पहिल्या सहा महिन्यांत रिकॉलचा अर्ज करता येत नाही. ते संपताच सह्या सुरू झाल्या. गेल्या निवडणुकीतल्या मतांच्या २५ टक्के, म्हणजे २,१६,७४६ सह्या हव्या होत्या. छाननीनंतर तीन लाखांवर वैध ठरल्या. निवडणूक १७ मे १९८८ ला ठरली. पण इथे एक मेख होती. राजीनामा दिला नाही तर गव्हर्नरचं नाव मतपत्रिकेवर आपोआप येतं आणि सर्वांत जास्त मतं मिळवणारा जिंकतो. विरोधकांची मतं फुटली असती, तर मीचम पुन्हा ४० टक्क्यांवर निवडून आले असते.

तोवर बाकीचे दोन रस्तेही उघडले. साडेतीन लाख डॉलरचं निवडणूक कर्ज दडवल्याचा फौजदारी खटला जानेवारीत उभा राहिला. ५ फेब्रुवारीला राज्याच्या विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाने ४६ विरुद्ध १४ मतांनी महाभियोग मंजूर केला आणि मीचम निलंबित झाले. राज्याच्या सिनेटने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, कर्जाचा आरोप बाजूला ठेवला, कारण तो न्यायालयात होता. उरले दोन: एका धमकीच्या तपासात आडकाठी आणणं आणि सरकारी निधीतले ८० हजार डॉलर स्वतःच्या मोटार कंपनीला उसने देणं. ४ एप्रिलला दोन्ही सिद्ध झाले. आडकाठीच्या आरोपावर २१ विरुद्ध ९ मतं पडली, म्हणजे दोन तृतीयांशाच्या अटीपेक्षा एकच जास्त. मीचम गेले, राज्यात गव्हर्नरनंतरचं पद असलेल्या सेक्रेटरी ऑफ स्टेट रोझ मॉफर्ड गव्हर्नर झाल्या.

मग मे महिन्यातल्या मतदानाचं काय? राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. लाखो लोकांनी सह्या केल्या, निकाल मात्र तीस सिनेटरांनी दिला. मला यात न्यायालयाची चूक दिसत नाही. काढायला कुणी उरलाच नव्हता. तरी सही करणाऱ्याला चुटपुट लागली असेल.

जूनमध्ये ज्युरीने कर्जाच्या खटल्यात मीचम यांना निर्दोष सोडलं. खुर्ची काही परत मिळाली नाही, कारण ती त्या आरोपावर गेलीच नव्हती. पुढे कोणतंही पद घेण्यावर बंदी घालणारा ठराव सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतांअभावी पडला होता. त्यामुळे १९९० मध्ये ते पुन्हा गव्हर्नरपदाच्या रिंगणात उतरले आणि पक्षांतर्गत निवडणुकीतच हरले. किंग यांच्या सुट्टीवर त्याच वर्षी सार्वमत झालं, तेव्हा मतदारांनी ती नाकारली. तिला मंजुरी मिळाली १९९२ मध्ये.