फॉर्मच्या पाठीवरची ठिपक्यांची रांगोळी

नाईट संपते, हँडओव्हर होतो, तरी आमच्या वॉर्डातल्या एक सिस्टर लगेच घरी निघत नाहीत. बाद झालेल्या फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर बॉलपेनने सात बाय सात ठिपके मांडतात, रेघा जोडतात, कागदाची घडी पर्समध्ये टाकतात. दहा मिनिटं. मग मेडिकल चौकात चहा. "हे नाही केलं तर घरी पोरांवर ओरडते जी," एवढंच कारण त्या सांगतात.

'बर्नआऊट', म्हणजे कामाच्या ताणाने आतून जळून जाणं, हा शब्द रुजला तोच सेवेकऱ्यांसाठी. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ दिवसाची प्रॅक्टिस आटोपून न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात रात्रीपर्यंत राबत. तिथे सोबत्यांची आणि स्वतःचीही झालेली राख त्यांनी १९७४ साली लेखात मांडली. १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी ती मोजायची प्रश्नावली केली: भावनिक थकवा, माणसांबद्दलचा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काहीच होत नाही ही भावना. खाटेच्या नंबरावरून रुग्णाला 'बारा नंबर' आम्ही सगळेच म्हणतो. पण बारा नंबरचं नाव आठवेनासं झालं, की तो कोरडेपणा आला समजावं.

चित्रं मात्र रुग्णाच्या बाजूने आली. १९३८ मध्ये एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार क्षयाने सॅनेटोरियममध्ये पडून होता. वेळ जाईना म्हणून चित्रं काढू लागला, पुढे इतर रुग्णांना शिकवू लागला. 'आर्ट थेरपी' हे नाव त्यानेच १९४२ मध्ये दिलं. उशाशी उभ्या असलेल्या नर्सच्या हाती पेन्सिल द्यायचं कोणाला सुचलं नसावं.

हाताने काही घडवून मन हलकं करायची युक्ती नागपूरकरांना परकी नाही. मारबत म्हणजे मिरवणुकीने काढायचा मोठा पुतळा: काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत निघते. जे छळतं ते हाताने घडवायचं, गावभर मिरवायचं आणि जाळून टाकायचं. उपचार नव्हे हा, पण मन मोकळं होतं.

२०१६ मध्ये अमेरिकेत गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं मार्कर, माती, कोलाज असं हवं ते करू दिलं. सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, उतरलं, आणि चित्रकलेचा सराव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. पण ते वॉर्डातून आलेले नव्हते, हे विसरू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआऊटला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणाशी जोडलं. म्हणजे ड्युटीचा तक्ता आधी, रंगपेटी नंतर. एका रुग्णालयाने उलटं केलं: ताणमुक्तीसाठी चित्रकला स्पर्धा, तीही साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, हजेरी सक्तीची. आमच्या सिस्टर तेव्हा तिथेच होत्या. गेल्या नाहीत.